१४० : ओरे यांची सरासरी, कापरेकरांचा हर्ष

१/ इ. स. १९४८. अमेरिकेतील येल विद्यापीठात अध्यापन करणारे नॉर्वेजियन गणिती ओयस्टिन ओरे यांचा एक निबंध ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त प्रसिद्ध झाला. विषय होता संख्येच्या विभाजकांची सरासरी. त्याच काळात नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळाशिक्षक संख्यांचाच ध्यास घेऊन बसले होते.

२/ ६ चे विभाजक १, २, ३, ६. बेरीज १२, म्हणून सरासरी ३. आता ६ ला विभाजकांच्या संख्येने, म्हणजे ४ ने गुणून १२ ने भागले, तर येतात २. हा विभाजकांचा ‘हरात्मक मध्य’. दोन्ही मध्यांचा गुणाकार नेहमी मूळ संख्याच देतो : ३ × २ = ६.

३/ ज्यांचा हरात्मक मध्य पूर्णांक असतो, त्या ‘ओरे संख्या’ : १, ६, २८, १४०, २७०, ४९६... युक्लिडच्या काळापासून ज्ञात असलेली प्रत्येक परिपूर्ण संख्या (६, २८, ४९६) या मालिकेत येते, हे ओरे यांनी सिद्ध केले. म्हणून १ खेरीज विषम ओरे संख्या नाही, असे कोणी सिद्ध केल्यास विषम परिपूर्ण संख्येचा दोन सहस्रकांचा प्रश्नही निकालात निघेल. तो आजही अनिर्णित आहे.

४/ डहाणूस १९०५ मध्ये जन्मलेल्या कापरेकरांनी विभाजकांऐवजी अंक निवडले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, म्हणजे हर्ष देणारी.

५/ १४० मध्ये या दोन वाटा एकत्र येतात. तिचे विभाजक १२, त्यांची बेरीज ३३६. सरासरी २८, हरात्मक मध्य ५. अंकांची बेरीज १ + ४ + ० = ५, आणि १४० ÷ ५ = २८!

६/ मात्र हा योगायोग आहे. नऊच्या पायावर १४० ही १६५ अशी लिहिली जाते. अंकांची बेरीज १२ होते आणि हर्षदपण संपते. विभाजक मात्र तेच राहतात. अशाच अंकाश्रित गुणधर्मांना जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये गणिताच्या दृष्टीने क्षुल्लक ठरवले होते. कापरेकरांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेमागे हाच दृष्टिकोन होता.

७/ आक्षेप तर्काला धरून होता, पण अपुरा होता. चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहावे. सर्व अंक सारखे नसतील, तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. पदव्युत्तर पदवी वा विद्यापीठाचे पद त्यांच्यापाशी नव्हते. वही आणि चिकाटी होती. ओरे यांचा अनुत्तरित प्रश्न समजून घेण्यासही तेवढेच पुरते.