मराठी साहित्यातील वाडा

वतनदार, इनामदार वा जमीनदार घराण्याचे चिरेबंदी, बहुधा चौसोपी (म्हणजे मधल्या चौकाभोवती चारही बाजूंनी सोपे असलेले) घर आणि त्याचा ऱ्हास हा मराठी कथा-नाटकांतील एक महत्त्वाचा विषय असून, पाटील-कुलकर्ण्यांची घरे ज्या वतनव्यवस्थेवर उभी होती, तीच त्याची सामाजिक पार्श्वभूमी होय. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (1985) या नाटकात विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांचे घर कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर आतून कसे पोखरले जाते, हे दागिने, वाटण्या आणि दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांतून दिसते. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ ही त्याची पुढील नाटके. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीला 1948 मधील, गांधीहत्येनंतर झालेल्या ब्राह्मणांच्या घरांच्या जाळपोळीची पार्श्वभूमी आहे. आयर्लंडमध्ये मारिया एजवर्थच्या ‘कॅसल रॅकरेंट’पासून (1800) एलिझाबेथ बोवेनच्या ‘द लास्ट सप्टेंबर’पर्यंत (1929) अशीच परंपरा आढळते, मात्र तेथील जमीनदार बहुधा परक्या सत्तेच्या आश्रयाने वसलेल्या प्रॉटेस्टंट वर्गातले होते, तर वाड्याचा धनी गावाच्याच भाषेचा व दैवतांचा असल्याने मराठी लेखनातील संघर्ष अधिक घरगुती, आणि म्हणूनच कदाचित अधिक बोचरा, ठरतो.