‘हे खरे आहे काय?’ : पिंपरी-चिंचवडचे प्रश्न आणि सभागृहाची सव्वाशे वर्षे

१/ महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची कोणतीही यादी उघडली तरी चार शब्द हमखास भेटतात : ‘हे खरे आहे काय’. पुढे येते ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पाण्यापासून पोलीस चौकीपर्यंतचे सारे विषय याच साच्यातून जातात. हा साचा रुक्ष वाटतो खरा. पण सत्ताधाऱ्याला असे विचारण्याचा हक्क मिळण्यास येथे दीर्घ काळ लागला.

२/ आरंभ १८९२ चा. त्या वर्षीच्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने कायदे कौन्सिलांच्या सदस्यांना प्रथमच सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. अटी मात्र कडक होत्या. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागे, अध्यक्ष तो नाकारू शकत असे आणि उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. सरकार जे सांगेल तेथे विषय संपत असे.

३/ या अपुऱ्या हक्काचे मोल पुणे परिसराला १८९७ मध्ये कळले. प्लेगच्या साथीत घरोघर सैनिकी झडत्या सुरू होत्या आणि जुलमाच्या तक्रारी वाढत होत्या. लोकमान्य टिळक त्या वेळी मुंबई कौन्सिलचे निर्वाचित सदस्य होते. गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सैनिकांवर गंभीर आरोप केले. विषय ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला आणि मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले. मायदेशी परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

४/ त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे ओळखले जाणारे ते पवनाकाठचे गाव त्या घटनेने देशभर माहीत झाले. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तक्रारीची तड लावणारी सनदशीर वाट त्या काळी किती अरुंद होती, हे या एका वर्षाकडे पाहिले तरी उमगते.

५/ वाट रुंदावली ती टप्प्याटप्प्याने. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क दिला. १९१९ च्या कायद्याने तो सर्व सदस्यांना मिळाला. १९२१ पासून मुंबई प्रांतात स्थानिक स्वराज्यासारखी खाती लोकनियुक्त सदस्यांमधून घेतलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस आणि महसूल मात्र गव्हर्नरच्या हाती राहिले. नगरपालिकेच्या नळाबद्दल जबाब देणारा मंत्री सभागृहाला उत्तरदायी झाला. लाठीबद्दल जबाब देणारा अधिकारी झाला नाही.

६/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ही सारी साधने हाताशी होती : तोंडी उत्तरासाठी तारांकित प्रश्न, लेखी उत्तरासाठी अतारांकित प्रश्न, तातडीच्या सार्वजनिक बाबींसाठी लक्षवेधी सूचना. शिवाय मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे तपासणारी आश्वासन समिती. या शेवटच्या साधनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; पण उत्तराला आयुष्य मिळते ते तेथेच.

७/ याच काळात पुण्याच्या वायव्येला एक नवे शहर आकार घेत होते. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मोटारी, स्कूटर, सुटे भाग यांचे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

८/ कारखान्यांना भूखंड आखून मिळाले, कामगाराच्या घराचे तसे झाले नाही. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, तरी गरज पुरवठ्याच्या कितीतरी पुढे धावली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून आलेल्यांनी अर्धा-एक गुंठा जागा घेऊन विनापरवाना घरे बांधली. त्या घरांना वीज मिळाली, पाणी मिळाले, करपावतीही मिळाली. कायदेशीर ओळख तेवढी मिळाली नाही.

९/ ४ जानेवारी २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर ‘शास्तीकर’ लागू झाला. मालमत्ताकराच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून भरायची, म्हणजे एकूण भार तिप्पट. आणि तो भरल्याने घर अधिकृत होत नसे, हे कायद्यातच स्पष्ट होते. अनेकांनी शास्तीबरोबर मूळ करही थकवला. थकबाकी वर्षागणिक फुगत गेली.

१०/ त्यानंतर हा विषय विधानसभेच्या कामकाजात वारंवार येऊ लागला. चिंचवडचे लक्ष्मण जगताप, भोसरीचे महेश लांडगे यांच्यासारख्या स्थानिक आमदारांनी तो लावून धरला. लहान निवासी घरांना आधी टप्प्याटप्प्याने सवलत मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शास्तीकर रद्द करण्याची घोषणा केली. मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. मूळ कर मात्र पूर्ण भरणे बंधनकारक राहिले, आणि शास्ती गेल्याने बांधकाम अधिकृत ठरणार नाही, ही रेषाही कायम राहिली.

११/ पंधरा वर्षांनी दंड हटला. नियोजनाच्या अपयशाचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. प्रश्नोत्तरांची ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते : ‘कर किती, माफी केव्हा’ याचे उत्तर मंत्री देऊ शकतो, ‘घरे अशी का बांधावी लागली’ याचे उत्तर एका खात्याच्या कागदात मावत नाही.

१२/ पवनेच्या पाण्याचे प्रकरण याहून कठोर आहे. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. विधिमंडळात त्याचे तीव्र पडसाद उमटले, न्यायालयीन चौकशी नेमली गेली आणि योजना थांबली.

१३/ नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. २०२३ मध्ये राज्य सरकारने योजनेवरील स्थगिती उठवली. शहराचा आमदार विचारतो, ‘पाणी केव्हा?’ मावळचा आमदार विचारतो, ‘आमच्या पाण्याचे काय?’ एकाच नदीवरचे हे दोन्ही प्रश्न एकाच सभागृहात उभे राहतात, आणि दोन्ही रास्त असतात. १८९७ मध्ये असा दोन्ही बाजूंचा आवाज नोंदवायला जागाच नव्हती.

१४/ चाकणचा पेच आणखी निराळा. गेल्या पाव शतकात तेथे बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा यांसारखे मोठे कारखाने आले. रस्ते त्या गतीने वाढले नाहीत. कोंडीविषयी प्रश्न विचारायचा तर तो कोणाला? औद्योगिक क्षेत्रातील रस्ते उद्योग खात्याकडे, गावांतर्गत रस्ते ग्रामविकासाकडे, नगरपरिषद आणि महानगर प्राधिकरण नगरविकासाकडे, वाहतूक पोलीस गृहखात्याकडे. पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्गाचा जाब तर दिल्लीत, संसदेत मागावा लागतो. कामाला निघालेल्या माणसाला मात्र वाटेत एकच खोळंबा दिसतो.

१५/ म्हणूनच छापील उत्तरातील भाषा नीट वाचावी लागते. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे कोणता अंश? ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे कधीपासून? ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर कोणत्या उपप्रश्नाला दिले गेले? मागील अधिवेशनातील उत्तर शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

१६/ विधिमंडळाचे कामकाज छापले जाते आणि जपले जाते. उद्या या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास लिहिणाऱ्याला कारखान्यांच्या उद्घाटनाच्या कोनशिला कमी पुरतील. घर, पाणी आणि रस्ता यांसाठी येथील माणसाला किती काळ थांबावे लागले, हे त्याला या प्रश्नांच्या तारखांवरून मोजता येईल. त्या विलंबाची कारणे दरवेळी मिळतीलच असे नाही; पण ती कोणी, कोणाला आणि केव्हा विचारली होती, याची नोंद तेथे असेल.