व्हाइटच्या दुकानापासून रडारपर्यंत

लाकडी जहाजावर होकायंत्र बऱ्यापैकी विश्वासाचं होतं. जहाजं लोखंडाची झाली आणि जहाजच सुईला ओढू लागलं. चुंबक आणि मऊ लोखंड लावून हा दोष घालवता येतो, हे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1838 मध्ये ‘रेनबो’ जहाजावर दाखवलं होतं. पण तेव्हाच्या सुया लांब नि जड. त्यांचा दोष घालवायला पुरे पडतील एवढे मऊ लोखंडाचे गोळे डेकवर मावायचे कुठे?

ही अडचण सुटली ग्लासगोत. तिथले उपकरणकार जेम्स व्हाइट विद्यापीठातल्या विल्यम थॉमसन यांची यंत्रं घडवत. अटलांटिक केबलसाठीचे गॅल्व्हानोमीटरही त्यांच्याच हातचे. थॉमसन यांनी 1876 मध्ये होकायंत्राचं पेटंट घेतलं. रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या आठ आखूड सुया आणि ॲल्युमिनियमची कड. सगळी तबकडी जेमतेम 12 ग्रॅमची. सुया आखूड, म्हणून गोळेही आटोपशीर.

माझ्या मते खरी करामत सोबतच्या दोन उपकरणांत आहे. दिगंश म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन. दिगंश-आरशातून सूर्य किंवा तारा थेट तबकडीच्या कडेवर दिसे. तिथला आकडा वाचायचा, कोष्टकातल्या खऱ्या दिगंशाशी ताडायचा. फरक निघेल तीच होकायंत्राची चूक. धुक्यात सूर्यच नसेल, तर डिफ्लेक्टर. तो आपल्या चुंबकांनी सुई वळवून तिच्यावरचा उत्तरेचा ओढा मोजी. जहाज वेगवेगळ्या दिशांना फिरवून हा ओढा सगळीकडे सारखा येईपर्यंत चुंबक नि गोळे सरकवायचे. आकाश नको, किनारा नको!

ब्रिटिश नौदलाने 1889 मध्ये हे होकायंत्र प्रमाण मानलं. पण तोफांच्या हादऱ्यांनी हलकी तबकडी नाचे, त्यामुळे पुढे तिथे द्रवाच्या होकायंत्राने तिची जागा घेतली.

व्हाइट 1884 मध्ये वारले. थॉमसन 1892 मध्ये लॉर्ड केल्विन झाले आणि 1900 मध्ये व्हाइट यांच्या कंपनीचं नाव ‘केल्विन अँड जेम्स व्हाइट’ ठरलं. 1913 मध्ये ती ‘केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड’ झाली; ज्याच्या हातांनी सगळं घडलं, त्याचंच नाव गळालं. 1947 मध्ये हेन्री ह्यूजेस यांच्या जुन्या पेढीशी विलीनीकरण होऊन ‘केल्विन अँड ह्यूजेस’ आली, मग तिच्या कामात रडारही आलं. 2017 मध्ये ती जर्मनीच्या ‘हेन्सोल्ट’ने घेतली.

जुना दिगंश-आरसा हाती आला, तर आधी त्यावर कोरलेलं नाव वाचावं. ‘जेम्स व्हाइट’च्या जोडीला ‘केल्विन’ असेल, तर तो बहुधा 1900 ते 1913 मधला.