नारिंगाचे फूल आणि यूडीकोलन

तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर यूडीकोलनच्या घड्या ठेवण्याची पद्धत एके काळी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून रूढ होती. त्या बाटलीतील थंड, किंचित कडसर सुवासाच्या गाभ्याशी वसंतात फुलणाऱ्या एका वृक्षाचे फूल आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी आले असेल. ते फूल कडू नारिंगाचे होय.

हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतचा प्रदेश हे लिंबूवर्गीय झाडांचे माहेर. आपला संस्कृत ‘नारंग’ फारसीतून अरबीत जाऊन ‘नारंज’ झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’. इंग्रजांचा ‘ऑरेंज’ही त्याच कुळातला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास अरबांनी हे झाड सिसिली व स्पेन येथे रुजविले. नागपुरी संत्र्याची जात निराळी. परंतु आंबिया बहराच्या दिवसांत विदर्भातील बागांतून ज्यांनी फेरफटका मारला असेल, त्यांना ह्या सुवासाची कल्पना सहज येईल.

युरोपात हा बहर साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत येतो. फुले हाताने खुडतात आणि पाण्यात उकळून त्यांच्या वाफेतून तेल काढतात. एक किलो तेलास जवळजवळ 1,000 किलो फुले लागतात. राहिलेले सुगंधी पाणीही वाया जात नाही. ते मिठाईत घालतात. फ्लाव्हिओ ओर्सिनी ह्या इटालियन उमरावाशी 1675 साली विवाहबद्ध झालेल्या आन-मारी ह्या फ्रेंच स्त्रीने आपले हातमोजे ह्या तेलाने सुवासित करण्याची चाल पाडली, असे सांगतात. रोमजवळचे नेरोला हे ओर्सिनी घराण्याच्या जहागिरीचे गाव. त्यावरून तेलाचे नाव पडले ‘नेरोली’.

ह्या तेलाला खरी कीर्ती मिळाली ती मात्र जर्मनीत, आणि तीही एका परप्रांतीयाच्या हातून. जोव्हान्नी मारिया फारिना ह्याचा जन्म 1685 साली उत्तर इटलीतील सांता मारिया माज्जोरे ह्या डोंगराळ गावी झाला. पावसानंतरच्या इटालियन वसंतातील पहाटेची आणि नारिंगाच्या फुलांची आठवण करून देणारा सुगंध आपणांस साधला आहे, असे त्याने 1708 साली आपल्या भावास कळविले. त्या भावाने 1709 मध्ये कोलोन शहरी पेढी काढली आणि 1714 मध्ये जोव्हान्नी तीत सामील झाला. आपल्या कनौजचे अत्तरवाले फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवितात. फारिनाने नेरोली, बर्गामोट इत्यादी तेले मद्यार्कात विरघळविली. म्हणून अत्तर अंगावर मुरते, तर कोलोन क्षणभर ताजेपणा देऊन विरून जाते.

1766 साली तो कोलोनमध्येच निवर्तला. बाटलीत त्याने भरली होती ती गावाकडची पहाट. नाव मात्र दिले ते आश्रय देणाऱ्या शहराचे. परमुलखात राहून आपले ते जपावे की तेथले होऊन जावे, हा वाद आम्हां बदलीच्या नोकरदारांच्या मंडळांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. नव्या गावाचे ऋण मानण्यासाठी जुन्या गावाचा सुवास विसरावा लागत नाही, एवढे तरी फारिनाच्या चरित्रावरून आम्ही शिकण्यास हरकत नाही.