शिरस्त्राण आणि सक्ती

सायकलस्वाराने शिरस्त्राण घालावे की नाही, हा वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ज्याचे डोके, त्याने ते जपावे. यात वाद तो कसला? परंतु या वादाच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. शिरस्त्राणाने डोके वाचते काय, हा पहिला. आणि ते घालण्याची सक्ती सरकारने करावी काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे आपोआप सापडते, या समजुतीतूनच सारा घोटाळा झाला, असे आम्हांस वाटते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मोटारीत पट्टा बांधण्याची सक्ती १९७० साली याच राज्याने केली. तिच्यामागे शल्यचिकित्सकांचा मोठा रेटा होता. अपघातात फुटलेली डोकी त्यांच्याच मेजावर येत असत. पट्ट्याचा गुण पटल्यावर त्यांची नजर सायकलस्वाराकडे वळली. १९८९ साली अमेरिकेतील सिॲटलच्या संशोधकांनी, शिरस्त्राणामुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला. तरी पडणाऱ्याचे डोके शिरस्त्राण राखते, ही गोष्ट टिकली. १ जुलै १९९० रोजी व्हिक्टोरियात सक्ती अमलात आली.

कायद्यापूर्वी शंभरातील ३१ सायकलस्वार शिरस्त्राण घालीत. वर्षभरात ते ७५ झाले. डोक्याच्या दुखापतीही घटल्या. पण मेलबर्नमध्ये त्याच त्या ठिकाणी मोजदाद झाली, तेव्हा सायकलस्वारच कमी भरले. विशेषेकरून कुमारवयीन मुले. मग दुखापती घटल्या त्या शिरस्त्राणामुळे किती आणि सायकली घटल्यामुळे किती? संख्याशास्त्रज्ञांचे त्यावर आजही एकमत नाही. पट्ट्यापायी कोणी मोटार सोडली नव्हती. पट्टा गाडीतच असतो. शिरस्त्राण विकत घ्यावे लागते, वागवावे लागते, आणि पोराला सायकल कोपऱ्यात टाकणे त्याहून सोपे वाटते.

नेदरलँड्समध्ये याच प्रश्नाला निराळी वाट फुटली. १९७० नंतरच्या दशकात रस्त्यांवर मुले मरू लागली, तेव्हा तेथील आईबाप चवताळून उठले. त्यांनी मुलांसाठी शिरस्त्राण मागितले नाही, रस्ता मागितला. धोका सायकल आणीत नाही, वेगाने धावणारी मोटार आणते, हे त्यांनी ओळखले होते. तेथे आजही रोजच्या प्रवासात शिरस्त्राण क्वचितच दिसते.

आणि ज्या सिॲटलमधून तो ८५ टक्क्यांचा आकडा निघाला, तेथील किंग परगण्याने शिरस्त्राणाची सक्ती २०२२ साली रद्द केली. दंडाचा बडगा बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर अधिक पडतो, असे आढळले होते. शिरस्त्राण घाला, हा सल्ला मात्र कायम राहिला.

आम्हांस हा भेद मोलाचा वाटतो. आपल्या मुलाला सायकल देताना शिरस्त्राणही द्यावे, त्यात आम्हांस यत्किंचितही शंका नाही. पण ही बापाची काळजी झाली. सरकारने तेवढ्यावर थांबून रस्ता होता तसाच ठेवला, तर सारा भार ज्याच्यावर गाडी आदळते त्याच्याच डोक्यावर राहतो.