देशांतराची घरगुती बखर

देशांतराचा इतिहास लिहावयाचा तर त्याचीं साधनें कोठें शोधावीं? बोटींच्या याद्या, सरकारी कायदे, शिरगणतीचे आंकडे हे दप्तरखान्यांत मिळतात. परंतु ज्यानें घर सोडलें त्याच्या नव्या बिऱ्हाडीं चुलीवर काय शिजत होतें, भाडें कसें भरलें जाई, शेजार कोणाचा होता, हें त्या दप्तरांत नसतें. तें म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं असतें, आणि त्यांच्याबरोबरच नाहींसें होतें. १९७४ सालीं न्यूयॉर्क शहरांत एका मुलानें तें वेळींच टिपून घेतलें.

हा मुलगा म्हणजे मार्टिन स्कॉर्सेसी, पुढें जगद्विख्यात झालेला चित्रपट-दिग्दर्शक. स्थलांतरितांवरील एका मालिकेसाठीं त्याला इटालियन लोकांविषयीं माहितीपट करावयाचा होता. जुनीं छायाचित्रें आणि त्यांवर धीरगंभीर निवेदन, हा अशा पटांचा ठरीव सांचा. त्यानें तो सांचा बाजूस सारून कॅमेरा थेट आपल्या आईबापांच्या दिवाणखान्यांत नेला. पटाचें नांव ‘इटालियनअमेरिकन’. लांबी पाऊण तासाहून थोडी अधिक.

चार्ल्स आणि कॅथरिन हीं दोघेंहि न्यूयॉर्कमध्येंच जन्मलेलीं. समुद्र ओलांडला होता तो त्यांच्या आईबापांनीं, सिसिली बेटावरून. दोघांचें आयुष्य तयार कपड्यांच्या धंद्यांत गेलें. ते इस्त्री करीत, त्या शिवणकाम करीत. प्रारंभीं कॅथरिनबाईंना अवघडल्यासारखें होतें. बोलूं तरी काय, असें त्या मुलालाच विचारतात. मुलगा तो संकोच कापून टाकीत नाहीं. मला यांतच त्याचें खरें कौशल्य दिसतें. पुढें बाई रंगांत येतात, नवऱ्याला मध्येंच अडवितात, उठून रस्सा पाहावयास जातात. चार्ल्स आपल्या एलिझाबेथ स्ट्रीटचीं वर्णनें करतात. ज्यू शेजाऱ्यांना शनिवारीं विस्तव पेटवावयाचा नसे, म्हणून इटालियन पोरें जाऊन त्यांची चूल पेटवून देत आणि पैसाअर्धा पैसा मिळवीत. दोन परक्या जमाती एका रस्त्यांत कशा नांदल्या, हें सांगावयास आणखी कोणता पुरावा हवा? पटाच्या शेवटीं श्रेयनामावलींत कॅथरिनबाईंच्या रश्श्याची कृतिहि दिलेली आहे. चार्ल्स १९९३ सालीं वारले, त्या १९९७ सालीं.

परंतु हीं माणसें मुळांत निघालीं कां, हें दिवाणखान्यांतल्या गप्पांतून पुरेसें कळत नाहीं. तेथें इतिहासकाराचेंच साह्य घ्यावें लागतें. १८६१ सालीं इटलीचें राज्य एक झालें. त्या इटलीचे आपणहि भक्त होतों. सावरकरांनीं मराठींत आणलेलें मॅझिनीचें आत्मचरित्र १९०७ सालीं प्रसिद्ध झालें आणि तरुणांनीं तें हातोहात नेलें. नेमक्या त्याच वर्षांत मॅझिनीच्या देशाचा दरिद्री शेतकरी गांठोडें घेऊन बोटींत चढत होता! सिसिलींत जमीन थोड्या जमीनदारांच्या हातीं होती. १८६९ पासून कांहीं वर्षें दळणावरहि कर होता, म्हणजे भाकरीच्या पिठाला सरकारचा हात लागला. १८९३ सालीं शेतकऱ्यांच्या संघांनीं उठाव केला. १८९४ च्या जानेवारींत लष्करी कायदा पुकारून तो चिरडण्यांत आला. ज्या राष्ट्राचा डंका जगभर वाजत होता, त्यानें आपल्या दक्षिणेला पोटभर अन्न दिलें नाहीं. १८८० ते १९२० या काळांत सुमारें ४० लाख इटालियन अमेरिकेस गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे. पुष्कळ जण पैसा गांठीं बांधून परतलेहि. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानें मात्र दार जवळजवळ लावून घेतलें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अनेक इटालियन घरांत सांगतात कीं, एलिस बेटावरच्या कारकुनाला आमचें नांव उच्चारतां येईना, म्हणून त्यानें तें बदलून टाकलें. कथा चटकदार आहे. कागद तिला साक्ष देत नाहींत. प्रवाशांची यादी पालेर्मो किंवा नेपल्स बंदरांत, बोट सुटण्यापूर्वीं होई. न्यूयॉर्कचा अधिकारी तीवरून नांवें पडताळी, आणि त्याच्या हाताशीं दुभाषे असत. नांवें बदललीं तीं बहुधा मागाहून, शाळेंत, कारखान्यांत, नागरिकत्वाच्या अर्जांत, आणि पुष्कळदां स्वतःच्याच हातांनीं. मग दोष कारकुनाच्या माथीं कां? आपलें नांव आपणच टाकल्याची बोच त्यामागें असावी. आजीची कथा पटांतून गाळूं नये, खरीहि मानूं नये. ती ऐकवावी आणि शेजारींच यादीचें पान दाखवावें.

आणि कांहीं गोष्टी घरांत बोललेल्याच नसतात. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें, नागरिकत्व न घेतलेल्या सुमारें ६ लाख इटालियनांना शत्रुराष्ट्राचे परकी ठरविलें. त्यांना ओळखपत्रें बाळगावीं लागलीं, लघुलहरींचे रेडिओसुद्धां जमा करावे लागले. १९४२ च्या ऑक्टोबरांत हा शिक्का पुसला गेला. परंतु शत्रूची भाषा बोलूं नका, असें सांगणारीं भित्तिपत्रकें लोकांनीं वाचलीं होतीं, आणि पुष्कळ आयांनीं मुलांशीं इंग्रजींतच बोलावयास आरंभ केला. नातवाला सिसिलीची बोली कां येत नाहीं, हा प्रश्न आजीपुढें ठेवण्यापूर्वीं चित्रपट करणाऱ्यानें एवढें वाचून जावें.