दोरी सुटल्यानंतरचे साठ तास

शनिवार, १५ एप्रिल २०१७
स्पेनच्या मायोर्का बेटावरची सा पिकेता ही पाण्याने भरलेली गुहा. भूगर्भशास्त्राचे शिक्षक शिस्को ग्रासिया आणि सोबती गियेम मास्कारो तासभर पोहून आत किलोमीटरभर पोचतात. शिस्को दगडांचे नमुने गोळा करतात, गियेम जवळच्याच भागाचा नकाशा काढतात.

परतीची वेळ
एका फाट्यावर दोघांची गाठ पडते. तळाचा गाळ ढवळला गेलाय, हाताचं बोट दिसत नाही. बाहेरची वाट दाखवणारी बारीक दोरी जागेवर नाही. तुटली असेल, नाहीतर सुटली असेल. उघड्या समुद्रात निदान वर तरी जाता येतं. इथे वर खडक.

पुढचा तास
चाचपडत शोध. दोरी सापडत नाही. जाण्यायेण्याची हवा संपते, अडीअडचणीसाठी राखलेलीही बहुतेक संपते.

निर्णय
जवळ हवेची एक पोकळी आहे, हे शिस्कोंना ऐकून ठाऊक असतं. दोघे तिथे डोकं वर काढतात. उरलेल्या हवेवर एकानेच निघायचं. गियेम अंगाने बारीक, त्यांना हवा कमी लागते. गुहेतल्या कोंदट हवेची सवय शिस्कोंना जास्त. गियेम निघतात, दोरीशिवाय. या सगळ्या प्रसंगात मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. मरण समोर असताना दोघांनी शांतपणे फुप्फुसांचा हिशेब मांडला, आणि एक जण मागे राहिला.

पहिले सात-आठ तास
आशा आहे. दालन सुमारे ८० मीटर लांब, पाण्याचा वरचा थर पिण्याजोगा. तीन विजेऱ्यांपैकी एकच चालते, तीही मंद. म्हणून शिस्को अंधारात बसतात. पाणी प्यायला उतरताना तेवढी ती लावतात.

त्यानंतर
बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, इथे सुमारे ५ टक्के. डोकं ठणकतं, झोप लागत नाही. पाण्यात दिवे दिसतात, दिवे नसतातच.

रविवार
गियेम बाहेर पोचलेत, मदत आली आहे. पण गढूळ पाण्यात बचावपथकाला पुढे सरकता येत नाही. वरून खडकाला भोक पाडून अन्नपाणी पोचवायचा प्रयत्नही फसतो.

सोमवार
पाण्यात दिवा दिसतो, या वेळी खरा. जुना मित्र बर्नात क्लामोर. ग्लुकोजच्या पिशव्या देऊन ते लगेच माघारी फिरतात, शिस्को जिवंत असल्याचं सांगायला. बाहेर काढायला आणखी आठ तास लागतात. शिस्को बाहेर आले तेव्हा त्यांच्या शरीराचं तापमान ३२ अंशांवर उतरलं होतं.